हार्ड डिस्क डीफ्रॅग करणे: बटण दाबून की कमांड लिहून?

कळफलक (धागाकर्ता):

माझ्याकडे विंडोज १० असलेला एक जुना डेस्कटॉप संगणक आहे. त्यात फिरत्या तबकड्यांची १ टेराबाइटची हार्ड डिस्क असून तिचे दोन भाग केलेले आहेत. ‘सी’वर विंडोज आणि प्रोग्राम आहेत. ‘डी’वर ध्वनिमुद्रणे, चलचित्रे आणि एका व्हर्च्युअल मशीनची (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाची) ४० गीगाबाइटच्या आसपासची फाइल आहे. अलीकडे ‘डी’वरील कामे फार रेंगाळतात. व्हर्च्युअल मशीन सुरू करताना तर डिस्कची खरखर बराच वेळ थांबतच नाही.

विंडोजचे ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ (डीफ्रॅगचे, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे जोडण्याचे साधन) उघडून पाहिले, तर ‘ओके, ७ टक्के फ्रॅगमेंटेड’ (विखुरलेले) असे दिसते. बटण दाबून रात्रभर चालू ठेवले तरी सकाळी आकडा जवळपास तोच असतो. एका परिचिताने असे सांगितले की बटणाचे डीफ्रॅग वरवरचे असते आणि खरे डीफ्रॅग करायचे असेल तर ते कमांड प्रॉम्प्टवरूनच करावे लागते. हे कितपत खरे आहे? खरे असल्यास कोणते पर्याय द्यावेत, आणि त्यात माहितीला काही धोका संभवतो का?

तळटीप:

आपल्या परिचितांचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. बटण आणि कमांड यांच्यामागे काम करणारी यंत्रणा एकच असते, त्यामुळे कमांडने केलेले डीफ्रॅग अधिक ‘खरे’ ठरत नाही. फरक पडतो तो दोन गोष्टींत: काय करायचे हे आपण नेमके सांगू शकतो, आणि काय झाले याचा सविस्तर अहवाल मिळतो. बटणाच्या चौकटीत केवळ एक टक्केवारी दिसते आणि ती टक्केवारी संपूर्ण ड्राइव्हची असते. सगळी मोडतोड एकाच फाइलमध्ये साचलेली असली, तरी ती एकूण आकड्यात विरघळून जाते.

म्हणून आधी काहीही न हलवता फक्त तपासणी करावी. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून ‘डीफ्रॅग डी: /ए /व्ही’ ही कमांड द्यावी. (ती रोमन लिपीतच टंकायची आहे; येथे उच्चाराप्रमाणे लिहितो आहे.) ‘/ए’ म्हणजे केवळ विश्लेषण आणि ‘/व्ही’ म्हणजे तपशीलवार अहवाल. तो अहवाल येथे द्यावा, मग पुढचे बोलता येईल. तोवर दुसरा कोणताही पर्याय वापरू नये.

उगाचच:

ज्यांनी १९९३च्या डॉस ६मधील डीफ्रॅगचे चौकोन सरकताना पाहिले आहेत, त्यांना टक्केवारी दाखवणारे डीफ्रॅग कधीच खरे वाटणार नाही. व्हिस्टाने तो नकाशा काढून टाकला, तेव्हा आमच्या पिढीचे करमणुकीचे एकमेव शांत साधन गेले.

मंद्रसप्तक:

माझे मत थोडे कटू वाटेल, परंतु आज डीफ्रॅगवर इतका विचार करणे हाच वेळेचा अपव्यय आहे. विंडोज व्हिस्टापासून फिरत्या डिस्कचे डीफ्रॅग आठवड्यातून एकदा आपोआप होते. विंडोजची एनटीएफएस ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली कशा ठेवायच्या याची व्यवस्था) जुन्या फॅटच्या तुलनेत नवीन फाइलसाठी जागा बरीच विचारपूर्वक निवडते. संगणक मंद होण्याची कारणे बहुतेक वेळा अन्यत्र असतात: अपुरी रॅम, पार्श्वभूमीत चालणारी व्हायरस तपासणी, किंवा मरणपंथाला लागलेली डिस्क. डीफ्रॅग केल्यावर ‘आता जरा बरे वाटते’ असे म्हणणाऱ्यांपैकी घड्याळ लावून मोजणारे मला फारसे भेटलेले नाहीत.

गंजलेला खिळा:

मंद्रसप्तक, मोजणे अवघड नाही. कागदावरही मोजता येते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेरीस ८.३३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, सुमारे ४.१७ मिलिसेकंद थांबावे लागते. त्याआधी डोके योग्य मार्गिकेवर नेण्यासाठी साधारण ९ मिलिसेकंद जातात. दोन्ही मिळून एका उडीला १३ मिलिसेकंद धरू.

आता डिस्क सलग वाचनात सेकंदाला १०० मेगाबाइट देते असे माना. फाइलचा तुकडा ६४ मेगाबाइटचा असेल, तर तो वाचायला ६४० मिलिसेकंद लागतील आणि उडीचे १३ मिलिसेकंद म्हणजे जेमतेम दोन टक्के अधिक. कोणाला कळणारही नाही. तोच तुकडा ६४ किलोबाइटचा असेल, तर वाचनाला पाऊण मिलिसेकंदही लागत नाही आणि उडीला मात्र तेच १३. म्हणजे डिस्क आपल्या वेळेचा ९५ टक्के भाग केवळ धावण्यात घालवते. तेव्हा ‘डीफ्रॅगने फरक पडतो का’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. तुकडे केवढे आहेत, यावर सगळे अवलंबून आहे.

तळटीप:

खिळेसाहेबांनी घेतलेले ६४ मेगाबाइटचे उदाहरण योगायोगाचे नसावे. विंडोजचे डीफ्रॅगही त्याच आकड्यावर रेघ मारते. ६४ मेगाबाइटपेक्षा मोठे तुकडे ते विखुरलेले मानत नाही आणि अहवालाच्या शेवटी तशी टीपही छापते. त्यामुळे एखादे मोठे चलचित्र वीस भागांत असूनही अहवालात शून्य टक्के दिसू शकते, आणि त्यात चिंतेचे काही नसते.

मंद्रसप्तक:

हिशेब मान्य आहे; मात्र तो वाईटात वाईट परिस्थितीचा आहे. दोन तुकडे जवळजवळ असतील तर डोक्याला ९ मिलिसेकंद लागत नाहीत, आणि विंडोज पुढचा भाग आधीच वाचून ठेवते. शिवाय ज्या फाइली आपण वर्षातून एकदा उघडतो, त्या सलग असल्या काय आणि नसल्या काय? माझा आक्षेप सरसकट, सवयीने केलेल्या डीफ्रॅगला आहे.

अवकाळी:

धोक्याचा प्रश्न मागे पडू नये म्हणून लिहितो. विंडोजमध्ये फाइल हलवण्याचे काम फाइल सिस्टिम स्वतः करते: तुकडा आधी नव्या जागी लिहिला जातो आणि मगच नोंद बदलली जाते. मध्येच वीज गेली तरी त्यामुळे फाइल सहसा बिघडत नाही. खरा धोका वेगळ्या ठिकाणी आहे.

पहिली गोष्ट म्हणजे डीफ्रॅगमुळे डिस्कवर तासन्‌तास अखंड वाचन-लेखन होते. डिस्क आधीच कुरकुरत असेल, तर तिच्यावर हा ताण टाकू नये. ‘खरखर थांबत नाही’ हे वाक्य वाचल्यावर मी तरी प्रथम तिची स्मार्ट माहिती पाहीन, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीविषयी करून ठेवलेल्या नोंदी. बदललेल्या किंवा प्रलंबित (वाचताना अडणाऱ्या) सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरील लहान कप्प्यांची, संख्या वाढत असेल, तर डीफ्रॅगचा विचार सोडून माहितीची प्रत काढावी. फाइल सिस्टिमवर ‘डर्टी’ (चुकांचा संशय) अशी खूण असेल तर डीफ्रॅग तसेही नकार देते. तेव्हा आधी ‘चेकडिस्क’ (चुका शोधणारी कमांड) चालवावे लागते.

दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. चुकून पुसलेली एखादी फाइल परत मिळवायची असेल, तर ती मिळेपर्यंत डीफ्रॅगला हात लावू नये. पुसलेल्या फाइलीचा मजकूर मोकळ्या ठरवलेल्या जागेतच पडून असतो, आणि डीफ्रॅग नेमके त्याच जागेवर दुसऱ्या फाइली आणून ठेवते.

तिसरी गोष्ट ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ (फाइलींच्या जुन्या आवृत्त्या राखणारी सुविधा) वापरणाऱ्यांसाठी आहे. ती सुविधा बदलांची नोंद १६ किलोबाइटच्या ठोकळ्यांत ठेवते, तर एनटीएफएसचा नेहमीचा क्लस्टर (जागा वाटण्याचा सर्वांत लहान ठोकळा) ४ किलोबाइटचा असतो. त्यामुळे डीफ्रॅगने केलेली हलवाहलव तिला मजकूर बदलल्यासारखी वाटू शकते, राखीव जागा भरते आणि जुन्या आवृत्त्या निघून जातात.

वाटसरू:

मूळ प्रश्नाला फाटा फोडतो आहे, क्षमस्व. माझ्या लॅपटॉपमध्ये एसएसडी (तबकड्यांऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क) आहे. ती डीफ्रॅग करू नये असे सर्वत्र वाचतो, परंतु विंडोजच्या यादीत तिच्यासमोरही ‘ऑप्टिमाइझ’ हे बटण आहे. मग ते दाबावे की नाही?

तळटीप:

खुशाल दाबावे. विंडोज ८पासून ते बटण डिस्कचा प्रकार ओळखून वागते. एसएसडी असेल तर ते प्रामुख्याने ‘ट्रिम’ पाठवते, म्हणजे कोणत्या जागा आता उपयोगात नाहीत हे डिस्कला कळवते. कमांडवरून हेच काम ‘/एल’ने होते, तर ‘/ओ’ म्हणजे ज्या त्या प्रकाराला जे योग्य ते करणे. ‘/डी’ हा पर्याय मात्र जुन्या पद्धतीने तुकडे जोडत बसतो. एसएसडीवर तो आपणहून देऊ नये. तिथे डोके हलवायचे नसल्याने जोडण्याचा लाभ नगण्य असतो आणि लेखनाची झीज तेवढी पदरी पडते.

गंजलेला खिळा:

याला एक पुरवणी जोडतो. रिस्टोअर पॉइंटची (विंडोज आधीच्या स्थितीत नेण्याची) सुविधा चालू असेल, तर विंडोज एसएसडीचेही अधूनमधून मर्यादित डीफ्रॅग करते आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ते पाहून लोक घाबरतात. त्यामागे कारण आहे. एखाद्या फाइलचे तुकडे किती असू शकतात याला एनटीएफएसमध्ये मर्यादा आहे. ती गाठली की जागा शिल्लक असूनही फाइल वाढेनाशी होते. अतिशय विखुरलेल्या फाइलीच्या तुकड्यांचा हिशेब ठेवणे प्रोसेसरलाही जड जाते, मग डिस्क कोणत्याही प्रकारची असो.

शून्यातून:

लिनक्सवाल्यांचीही हजेरी लागावी म्हणून आलो. ‘लिनक्सला डीफ्रॅग लागत नाही’ असे आम्ही छाती पुढे काढून सांगतो, परंतु ‘ई४डीफ्रॅग’ नावाची कमांड आमच्याकडे आहेच. लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम मजकूर लगेच डिस्कवर न उतरवता थोडा साठू देते आणि मग सलग जागा शोधते, म्हणून गरज कमी पडते इतकेच. ‘ई४डीफ्रॅग -सी’ लिहिल्यास काहीही न हलवता गुणांक मिळतो: ३०पर्यंत काळजी नाही, ३१ ते ५५ म्हणजे थोडे विखुरलेले, आणि ५६पासून पुढे डीफ्रॅग करावे. एकेका फाइलचे तुकडे पाहायचे तर ‘फाइलफ्रॅग’ आहे.

एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमची ‘एक्सएफएस_एफएसआर’ ही कमांड मला सर्वांत सभ्य वाटते. वेगळे काही सांगितले नाही, तर ती ७२०० सेकंद म्हणजे दोन तास काम करते, थांबते, आणि पुढच्या वेळी जिथे सोडले तिथून सुरू करते. बीटीआरएफएस या तिसऱ्या फाइल सिस्टिमवर मात्र सावध राहावे. तिथे स्नॅपशॉट (एखाद्या क्षणाची जपलेली प्रत) आणि मूळ फाइल एकच जागा वाटून घेत असतात. डीफ्रॅगने ती वाटणी तुटते आणि मोकळी वाटणारी डिस्क अचानक भरते.

उगाचच:

दोन तासांनी आपणहून थांबणारे डीफ्रॅग! विंडोज ९५च्या काळात ‘ड्राइव्हवरील मजकूर बदलला आहे, पुन्हा सुरुवात करत आहे’ हा संदेश पाहत ज्यांनी पहाट केली, त्यांनी हे वाचून काय करावे?

अवकाळी:

त्यांनी संगणक सेफ मोडमध्ये (मोजकेच प्रोग्राम चालतात अशा स्थितीत) सुरू करायला हवा होता. तेव्हाही सर्वजण हेच सांगत असत आणि कोणीही ऐकत नसे.

कळफलक:

सर्वांचे आभार. आधी अवकाळी यांचे ऐकून स्मार्ट माहिती पाहिली. बदललेले आणि प्रलंबित, दोन्ही प्रकारचे सेक्टर शून्य आहेत. ‘चेकडिस्क’लाही काही सापडले नाही. त्यानंतर ‘डीफ्रॅग डी: /ए /व्ही’ चालवले. अहवालातील कामाच्या ओळी देतो.

ड्राइव्हचा आकार ५८० गीगाबाइट, मोकळी जागा ४१ गीगाबाइट. एकूण विखुरलेली जागा ७ टक्के. मोकळ्या जागेचे तुकडे हजारोंच्या घरात असून त्यांतील सर्वांत मोठा तुकडा केवळ १.८ गीगाबाइटचा आहे. विखुरलेल्या फाइलींची संख्या फार नाही, परंतु त्यांच्या तुकड्यांची बेरीज दोन लाखांच्या पुढे गेली आहे. हा शेवटचा आकडा मला समजला नाही.

तळटीप:

मला तर तोच आकडा सर्वांत बोलका वाटतो. फाइली थोड्या आणि तुकडे दोन लाख, म्हणजे एखाद-दुसऱ्या फाइलीचा भुगा झालेला आहे. आणि ५८० गीगाबाइटचे ७ टक्के काढले तर साधारण ४० गीगाबाइट येतात. आपल्या व्हर्च्युअल मशीनच्या फाइलीचा आकार आपण सुरुवातीलाच सांगितला होता.

बटणाने काम का होत नव्हते, तेही या अहवालात आहे. डीफ्रॅगला नीट काम करायचे तर ड्राइव्हची किमान १५ टक्के जागा मोकळी असावी लागते. आपल्याकडे ७ टक्केच आहे आणि तीही चिंधड्या झालेली. ४० गीगाबाइटची फाइल सलग ठेवायला १.८ गीगाबाइटपेक्षा मोठी पोकळी कुठेच नसेल, तर ते बिचारे रात्रभर करणार तरी काय?

गंजलेला खिळा:

अगदी बरोबर, परंतु माझा एक संशय आहे. केवळ वाढत गेल्यामुळे फाइलीचे इतके तुकडे सहसा होत नाहीत. कळफलक, जागा वाचवण्यासाठी आपण ‘डी’वर किंवा त्या फोल्डरवर कॉम्प्रेशन (फाइली दाबून लहान करणे) चालू केले आहे का? फाइलीच्या चित्रावर दोन लहान निळे बाण दिसतात का, ते पाहावे. एनटीएफएस कॉम्प्रेशन करताना फाइल १६ क्लस्टरांच्या, म्हणजे ६४ किलोबाइटच्या भागांत तोडते आणि प्रत्येक भाग स्वतंत्रपणे दाबते. अशा फाइलीत सतत लिहिणे होत असेल, तर दाबलेल्या भागाचा आकार प्रत्येक वेळी बदलतो आणि त्याला नवी जागा शोधावी लागते. व्हर्च्युअल मशीनच्या फाइलीसाठी याहून वाईट सोय शोधून सापडणार नाही.

खात्री करण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या साधनसंचातील ‘कॉन्टिग’ ही लहानशी कमांड उतरवून घ्यावी. ती एकेका फाइलीवर काम करते. ‘कॉन्टिग -ए’ आणि पुढे फाइलीचे नाव दिले की त्या फाइलीचे किती तुकडे आहेत ते सांगते, हलवत काहीच नाही.

कळफलक:

निळे बाण आहेत. जागा कमी पडू लागली तेव्हा संपूर्ण ‘डी’ ड्राइव्हवर कॉम्प्रेशनची खूण केली होती आणि काम मंदावले तेही त्याच सुमारास. कॉन्टिग त्या एकाच फाइलीचे दोन लाखांहून अधिक तुकडे दाखवते. मग आता थेट कॉन्टिगनेच ती जोडून टाकू का?

गंजलेला खिळा:

नको. सलग जागाच नाही, आणि कॉम्प्रेशन चालू राहिले तर पुन्हा तेच होईल. व्हर्च्युअल मशीन पूर्ण बंद करून (नुसते थांबवून नव्हे) ती फाइल बाहेरच्या डिस्कवर न्यावी. सोबत क्वचित लागणारी चलचित्रेही न्यावीत, जेणेकरून एकपंचमांश तरी ड्राइव्ह मोकळी होईल. प्रती नीट उघडतात याची खात्री झाल्यावरच मूळ फाइली पुसाव्यात. मग ‘डी’च्या आणि त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधून कॉम्प्रेशनची खूण काढावी. हे विसरू नये. कॉपी करून आणलेली फाइल ज्या फोल्डरमध्ये येते त्याचा गुण घेते, म्हणून फोल्डर तसाच राहिला तर ती पुन्हा दाबली जाईल.

त्यानंतर ‘डीफ्रॅग डी: /एक्स /यू /व्ही’ चालवावे. ‘/एक्स’ने मोकळ्या जागेचे तुकडे एकत्र आणले जातात आणि ‘/यू’ने प्रगती पडद्यावर दिसत राहते. संगणकावर त्या वेळी दुसरे काम नसेल तर ‘/एच’ही जोडावे, एरवी डीफ्रॅग स्वतःला कमी प्राधान्य देऊन चालते. सर्वांत शेवटी फाइल परत आणावी. मोठी पोकळी तयार असल्याने ती आपोआपच जवळजवळ सलग बसेल.

मंद्रसप्तक:

येथे मी खिळेसाहेबांच्या बाजूने आहे, आणि माझा मुद्दाही सोडत नाही. या उपायात डीफ्रॅगचा वाटा एका कमांडपुरता आहे. बाकी सगळा उपाय म्हणजे जागा मोकळी करणे आणि कॉम्प्रेशन काढणे. आणखी एक सुचवतो. ती फाइल ‘गरजेनुसार वाढणारी’ या प्रकारची असेल, तर परत आणताना तिचे निश्चित आकाराच्या फाइलीत रूपांतर करून घ्यावे. सुरुवातीला जागा जास्त अडेल, परंतु ती नंतर वाढत राहणार नाही आणि तुकडेही पडत राहणार नाहीत.

कळफलक:

सांगितल्या क्रमाने सगळे केले. रूपांतर बाहेरच्या डिस्कवरच उरकले आणि मग फाइल परत आणली. ‘/एक्स’ला अपेक्षेपेक्षा बराच वेळ लागला, परंतु त्यानंतरच्या अहवालात मोकळ्या जागेचा सर्वांत मोठा तुकडा ९० गीगाबाइटच्या वर गेलेला दिसला. परत आणलेल्या फाइलीचे कॉन्टिग आता ७ तुकडे दाखवते. मंद्रसप्तक विचारतील म्हणून घड्याळ लावून मोजले: पूर्वी व्हर्च्युअल मशीन वापरण्याजोगे व्हायला अकरा मिनिटांच्या आसपास लागत, आता तीन मिनिटांहून कमी लागतात.

ते ७ तुकडेही जोडून घ्यावेत का?

तळटीप:

नकोत. चाळीस-पन्नास गीगाबाइटच्या फाइलीत सात तुकडे म्हणजे सहा जादा उड्या, वर दिलेल्या हिशेबाने सेकंदाचा दहावा भागही नाही.

वाटसरू:

आठवड्याचे आपोआप होणारे डीफ्रॅग आता चालू ठेवावे की बंद करावे?

अवकाळी:

चालूच ठेवावे. ते टास्क शेड्यूलरमध्ये ‘शेड्यूल्डडीफ्रॅग’ या नावाने असते आणि संगणक रिकामा असताना चालते. मात्र जो संगणक काम संपताच बंद केला जातो, त्यावर ते महिनोन्‌महिने चाललेलेच नसते. शेवटचे केव्हा झाले याची तारीख ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’मध्ये दिसते, ती एकदा पाहून घ्यावी.

उगाचच:

पाहिली. माझ्याकडे ‘नेव्हर रन’ असे लिहिले आहे. निघतो.